तालुक्याच्या रस्त्यांचा आराखडा: मोजणीपासून निधीपर्यंत

पंचायत समितीवर नव्याने निवडून आलेल्या सदस्याकडे सुरुवातीला सर्वांत जास्त कागद येतात ते रस्त्यांच्या मागणीचे. आमच्या वस्तीला रस्ता द्या, ओढ्यावर मोरी बांधा, डांबर उखडलंय. मागण्या ढीगभर आणि निधी दोन-चार कामांपुरता. मग कामं ठरतात ती कुणाचा फोन वरपर्यंत जातो यावर. ज्या वस्तीत असा फोन करणारा कुणी नाही, तिची फाइल दरवर्षी खाली सरकत राहते. अशा वस्तीला आकड्यांवाचून दुसरा आधार नाही, असं माझं ठाम मत आहे. हा लेख त्या आकड्यांबद्दल आहे: ते कुठून आणायचे, कसे मांडायचे आणि कोणत्या निधीच्या दारात घेऊन जायचे. नवे सदस्य, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, नुकताच रुजू झालेला कनिष्ठ अभियंता आणि गावासाठी हे काम करू इच्छिणारे तरुण यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

पहिली पायरी: रस्ता कुणाचा, ते शोधा

आपल्याकडे रस्त्यांची उतरंड १९४३ च्या नागपूर योजनेपासून चालत आली आहे. वर राष्ट्रीय महामार्ग, मग राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. कार्यालयात यांना प्रजिमा, इजिमा, ग्रामा असंच म्हणतात. राज्य महामार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. मागणीचं पत्र चुकीच्या दारात गेलं तर ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतं आणि वर्ष निघून जातं.

त्याहून महत्त्वाचा आहे रस्त्याचा क्रमांक. राज्याच्या रस्ते विकास योजनेत नोंद असलेल्या प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो. क्रमांक नसलेला रस्ता योजनाबाह्य समजला जातो आणि रस्त्यांच्या नेहमीच्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी खर्चाच्या ठरलेल्या खात्यातून, त्याला पैसे मिळवणं फार अवघड जातं. लोक त्यावरून तीन पिढ्या चालत असतील, तरी कागदावर तो रस्ता नसतो. म्हणून जिल्हा परिषदेच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन तालुक्याची रस्ते यादी आणि नकाशा मागा. क्रमांक, लांबी, सुरुवात, शेवट, डांबरी किती, खडीचा किती, मातीचा किती हे सगळं त्यात असतं. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. वापरात असलेला पण यादीत नसलेला रस्ता सापडला, तर त्याला क्रमांक मिळवण्याचा ठराव हे तुमचं पहिलं काम. डांबराची मागणी त्यानंतर.

शेतात जाणाऱ्या वाटांचं प्रकरण वेगळं आहे. पाणंद आणि गाडीरस्ते भूमी अभिलेखच्या गावनकाशावर दिसतात आणि त्यांचे वाद तहसीलदारांकडे चालतात. असलेली वाट कुणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५, आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३. ही कामं रस्ते आराखड्यात मिसळू नका. त्यांची यादी वेगळी ठेवा, कारण त्यांचा अधिकारीही वेगळा आणि पैशाची वाटही वेगळी.

दुसरी पायरी: वस्त्यांची यादी

जनगणनेतला आकडा गावाचा असतो. पण मुख्य गावठाण, दोन किलोमीटरवरचा तांडा, ओढ्यापलीकडची धनगरवस्ती आणि डोंगरावरचा पाडा हे सगळं मिळून एक महसुली गाव असू शकतं. गावठाणाला डांबरी सडक आली की कागदावर गाव जोडलं गेलं, पाडा मात्र तिथेच राहिला. त्यामुळे नोंद गावाची न करता वस्तीची करा.

वस्तीची लोकसंख्या अंगणवाडीच्या आणि आशाताईंच्या सर्वेक्षण नोंदवहीत घरनिहाय मिळते. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय शाळा, दवाखाना, बस, पक्का रस्ता यांची माहिती आहे. ती जुनी झाली असली तरी सरकारी योजना अजून त्याच आकड्यांवर पात्रता तपासतात, म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा ग्रामीण रस्त्यांचा नकाशा केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये जिओसडक संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला केला. त्यात रस्ते, वस्त्या आणि शाळा-दवाखाने-बाजार अशा सुविधांची ठिकाणं आहेत. तो क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक प्रणालीत उघडता येतो. तालुक्यातली अभियांत्रिकीची एखादी विद्यार्थिनी हे आठवडाभरात शिकू शकते, तिला सोबत घ्या.

नकाशा उघडल्यावर तपासायचं ते हे: आपल्या वस्त्या त्यावर आहेत का, आणि योग्य जागी आहेत का? वस्ती नकाशावरच नसेल तर तिला कुठलीही गुणपद्धती गुण देऊ शकत नाही. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, फोटो काढा आणि दुरुस्तीचं पत्र योजनेच्या जिल्हा कार्यालयाला द्या.

जोडलेली वस्ती कुणाला म्हणायचं, याचीही व्याख्या पाठ असू द्या. प्रधानमंत्री योजनेत सुरुवातीपासून बारमाही रस्त्यापासून ५०० मीटर किंवा जास्त अंतरावरची वस्ती न जोडलेली मानली जाते. डोंगरी भागात हेच अंतर पायवाटेने दीड किलोमीटर धरतात. यात बारमाही हा शब्द सगळ्यात मोलाचा आहे. उन्हाळ्यात जीप जाते म्हणून रस्ता बारमाही होत नाही. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचं मुख्यालयच जगापासून तुटत आलं आहे, मग पलीकडच्या पाड्यांचं काय होत असेल? म्हणून प्रत्येक ओढा, फरशी पूल आणि कोकणात साकव, म्हणजे ओढ्यावरचे छोटे पूल, यांची स्वतंत्र नोंद करा: पावसाळ्यात किती वेळा पाणी वरून गेलं, किती तास वाट बंद राहिली. पोलीस पाटील आणि कोतवालाला हे ठाऊक असतं, फक्त ते कुणी लिहून घेतलेलं नसतं. जूनमध्ये एक वही त्यांच्या हाती द्या आणि ऑक्टोबरमध्ये परत घ्या.

तिसरी पायरी: वाहनं मोजा, पण योग्य महिन्यात

वाहनांची गणना हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम आहे, आणि सर्वांत जास्त चुकीचं होणारंही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं संकेतपत्र, म्हणजे नियमपुस्तिका, सांगतं की मोजणी वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सलग ७ दिवस, दिवसाचे २४ तास करावी. एकदा सुगीच्या आणि मालविक्रीच्या दिवसांत, एकदा मंदीच्या दिवसांत. कमी वाहतुकीच्या ग्रामीण रस्त्यांसाठी ३ दिवसांची मोजणीही चालते. त्या तीन दिवसांत आठवडे बाजाराचा एक दिवस आला पाहिजे, पण तिन्ही दिवस गर्दीचे निवडू नका. फुगवलेला आकडा अनुभवी अभियंत्याच्या लगेच लक्षात येतो आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर, नगरच्या ऊसपट्ट्यात मे महिन्यात मोजणी केली तर रस्ता रिकामा दिसेल. तोच रस्ता गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रांगा वाहत असतो. कांद्याच्या, संत्र्याच्या, केळीच्या भागात महिने वेगळे असतील. तुमच्या तालुक्याचं पीक कोणतं आणि ते कधी हलतं, हे वेळापत्रक आधी लिहा आणि त्यावरून मोजणीच्या तारखा ठरवा.

मोजलेल्या वाहनांचा उपयोग दोन प्रकारे होतो, आणि नवखी माणसं इथेच गोंधळतात.

रस्त्याची रुंदी ठरवताना प्रत्येक वाहन मोटारगाडीच्या तुलनेत किती जागा अडवतं, ते बघतात. संकेतपत्रातले गुणक असे आहेत: मोटारगाडी, रिक्षा किंवा छोटा टेम्पो १, दुचाकी आणि सायकल प्रत्येकी ०.५, बस किंवा ट्रक ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५, बैलगाडी ८. समजा, एका सकाळी ४० दुचाकी, ६ टेम्पो, ४ ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ५ बैलगाड्या गेल्या. वाहनं ५५ झाली, पण गुणकांनी हिशेब केला तर २०, ६, १८ आणि ४० मिळून ८४ एकक होतात. बैलगाड्या नोंदवायच्या राहिल्या तर हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. दिवसाला १०० पेक्षा कमी मोटारवाहनं असतील तर ३ मीटर रुंदीचं डांबर चालतं, त्यावर गेलं की ३.७५ मीटर मागता येतं.

रस्त्याची जाडी ठरवताना मात्र दुचाकी आणि मोटारगाड्या हिशेबातच येत नाहीत. तिथे फक्त जड वाहनांच्या आसावरचा भार बघतात. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात झालेल्या मोठ्या रस्ते चाचणीतून निघालेला नियम जगभर वापरला जातो: आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. म्हणजे ओव्हरलोड ट्रॉल्यांची एक रांग रस्त्याचं जे करते, ते हजारो दुचाकी करू शकत नाहीत. साखर कारखान्याच्या किंवा खाणीच्या वाटेवर ग्रामीण मार्गाचं नेहमीचं अंदाजपत्रक टाकलं तर तो रस्ता दोन हंगामही टिकणार नाही. तुमच्या मोजणीपत्रकात ट्रॉली भरलेली की रिकामी, एक की दोन, हे रकाने असू द्या. वाळू किंवा खडीचे डंपर असतील तर तेही वेगळे मोजा, रात्रीचे विशेषतः.

मोजायला कोण बसणार? महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम चांगलं करतात. आठ तासांच्या पाळ्या, पाचाच्या गठ्ठ्यात रेघोट्या, दर तासाला नवी ओळ आणि प्रत्येक कागदावर सही-तारीख. भरलेले मूळ कागद फेकू नका; पुढे कुणी शंका घेतली तर तेच दाखवायचे असतात.

चौथी पायरी: जे प्रवास होतच नाहीत, त्यांची नोंद

मला या लेखात सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे. वाहनमोजणीत एक मोठा अन्याय दडलेला आहे. चांगल्या रस्त्यावर वाहनं जास्त दिसतात, म्हणून त्यालाच पुन्हा पैसे मिळतात. ज्या वाटेवर गाडी जाऊच शकत नाही, तिथे मोजणी शून्य येते, आणि शून्य वाहतूक म्हणून मागणी फेटाळली जाते. ओढ्यावर पूल नसेल तर पुलावरून जाणारी वाहनं कुठून मोजणार? सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात. त्या झोळीला कुठल्याच मोजणीपत्रकात रकाना नाही.

हा रकाना आपण तयार करायचा. त्यासाठी माहिती बहुतेक ठिकाणी आधीच लिहिलेली असते, फक्त रस्त्याच्या कामासाठी ती कुणी काढलेली नसते.

शाळेकडून घ्या: त्या वस्तीतल्या किती मुली सातवीत होत्या आणि त्यातल्या किती आठवीला पुढच्या गावच्या शाळेत गेल्या. पावसाळ्याच्या महिन्यांत हजेरी किती घसरते, हे हजेरीपटावरून कळतं. मुलगे सायकल दामटत जातात, मुलींचं शिक्षण मात्र वाटेवर तुटतं, हे आकड्यांत फार स्पष्ट दिसतं.

एसटी आगाराकडून घ्या: त्या मार्गावरची फेरी पावसाळ्यात किती दिवस रद्द झाली, कुठपर्यंत येऊन बस परत फिरली. तिकीट यंत्रामुळे कोणत्या थांब्यावर किती चढले-उतरले हेही आगाराकडे असतं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांपैकी तुमचा तालुका असेल तर मुलींसाठीच्या निळ्या बस कोणत्या गावांना जाऊ शकत नाहीत, ते विचारा. रस्ता खराब म्हणून फेरी बंद, असं आगार व्यवस्थापकाचं एक ओळीचं पत्र प्रस्तावात फार वजन पाडतं.

आरोग्य उपकेंद्राकडून घ्या: किती बाळंतपणं घरीच झाली, १०८ ची रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकली आणि तिथवर माणसाला कसं नेलं. हे विचारताना नावं लिहू नका. महिना, वस्ती, अंतर आणि लागलेला वेळ एवढंच पुरे. कुणाच्या घरचं दुःख प्रस्तावाला पुरावा म्हणून जोडताना त्या घराची ओळख बाहेर जाता कामा नये.

दूध संकलन केंद्राच्या वहीत कोणत्या दिवशी त्या वस्तीचं दूध आलं नाही ते असतं. आणि शेतकऱ्यांना विचारा की व्यापारी शिवारात गाडी येत नाही म्हणून भावात किती कापतो. चार-पाच जणांनी पावत्या दाखवल्या तर वर्षाचं नुकसान रुपयांत मांडता येतं.

हे सगळं एका पानावर आणा. शून्य वाहतूक असलेल्या रस्त्याचं ते पान अनेकदा तालुक्यातलं सर्वांत भक्कम ठरतं.

पाचवी पायरी: असलेल्या रस्त्यांची प्रकृती

यंत्रं नसली तरी हे जमतं. प्रधानमंत्री योजनेत रस्त्याची स्थिती १ ते ५ गुणांत मोजायची एक साधी पद्धत आहे: त्या रस्त्यावरून गाडी आरामात किती वेगाने चालवता येते. ताशी ४० किलोमीटरच्या वर असेल तर ५ गुण, ३० ते ४० ला ४, २० ते ३० ला ३, १० ते २० ला २ आणि १० च्या खाली १. प्रत्येक किलोमीटरला वेगळा गुण द्या. सोबत ठरावीक अंतरावर जागा-वेळ छापणाऱ्या कॅमेरा अ‍ॅपने फोटो घ्या. फोटो डांबराचा घ्याच, पण साईडपट्टी, गटार आणि मोऱ्यांचाही घ्या. डांबराला मारतं ते पाणी. गटार बुजलं, साईडपट्टी डांबरापेक्षा उंच झाली की पाणी रस्त्यावर थांबतं, खाली मुरतं आणि पुढच्या उन्हाळ्यात खड्डे दिसतात. ३ किंवा ४ गुणांच्या रस्त्याचं गटार आणि मोऱ्या साफ करणं हे तालुक्यातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे. त्याचा नारळ कुणी फोडत नाही म्हणून ते मागे पडतं, हे थांबवायला हवं.

अपघातांची नोंदही याच टप्प्यावर घ्या. पोलीस ठाण्यात आता अपघाताची माहिती ई-डार प्रणालीत ठिकाणासह भरली जाते. केंद्राच्या व्याख्येनुसार साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर तो अपघातप्रवण टप्पा, म्हणजे ब्लॅक स्पॉट. ही व्याख्या राष्ट्रीय महामार्गांसाठी केलेली असल्याने खेड्यातला जोडरस्ता त्यात बसेलच असं नाही. तरीही जिथे ग्रामीण मार्ग मोठ्या रस्त्याला मिळतो ते तिठे तपासा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीकडे ती यादी स्वतंत्रपणे देता येते.

सहावी पायरी: क्रम लावा, आणि सगळ्यांसमोर लावा

आता तुमच्याकडे तालुक्यातल्या रस्त्यांचा तक्ता आहे. प्रधानमंत्री योजनेच्या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात रस्त्याची निवड त्याच्या उपयुक्ततेवर होते: तो किती लोकसंख्येला आणि कोणकोणत्या बाजारपेठा, शाळा, दवाखान्यांना जोडतो, याचे गुण काढून ते रस्त्याच्या लांबीशी ताडून बघतात. तुम्ही याच विचाराने साधी पद्धत बनवा. वस्ती बारमाही जोडलेली नसेल तर त्याला सर्वांत जास्त गुण, मग लोकसंख्या, मग शाळा-दवाखाना-बाजार, मग वाहतूक, मग सध्याची स्थिती. दुसरी पर्यायी वाट असेल तर गुण कमी. कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं याचं एकच बरोबर उत्तर नाही. ऊसपट्ट्यात वाहतुकीला जास्त वजन देणं रास्त आहे, डोंगरी तालुक्यात ते वस्त्यांवर अन्याय करणारं ठरेल.

पण वजनं आधी ठरवा आणि गुण नंतर काढा. गुण दिसल्यावर वजनं बदलली की सगळी मेहनत वाया जाते, कारण लोकांना ते लगेच कळतं. वजनं पंचायत समितीच्या सभेत ठरावाने मंजूर करून घ्या आणि नंतरचा क्रम ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा. आपलं गाव अकराव्या क्रमांकावर का आहे, हे सरपंचाला तक्ता दाखवून सांगता आलं तर तो रागावेल, पण पुढच्या वर्षी वाट बघायला तयार होईल. दोन याद्या करा: नवीन जोडणीची आणि दुरुस्ती-मजबुतीकरणाची. एकाच यादीत दोन्ही घातलं तर नवीन कामं नेहमी दुरुस्तीला गिळतात.

सातवी पायरी: कोणत्या कामाला कोणता पैसा

आधी पैशाचा अंदाज हवा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला: ६२,५०० किलोमीटरसाठी ७०,१२५ कोटी रुपये. भागाकार केला तर किलोमीटरला, वाटेतले पूल धरून, सरासरी १ कोटी १२ लाख रुपये येतात. खासदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. या दराने तो संपूर्ण मतदारसंघात साडेचार किलोमीटरच्या आत संपेल. म्हणून प्रत्येक मागणी घेऊन खासदार-आमदारांच्या दारात उभं राहण्यापेक्षा, ज्या कामाला दुसरं कुठलंच लेखाशीर्ष बसत नाही अशी एखादी मोरी किंवा छोटा तुकडा त्यांच्याकडे न्यावा.

न जोडलेल्या वस्त्यांसाठी पहिलं दार प्रधानमंत्री योजनेच्या चौथ्या टप्प्याचं. २०११ च्या जनगणनेनुसार सपाट भागात ५०० आणि त्याहून जास्त लोकवस्ती हवी. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागात आणि आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या, जिल्हे-तालुक्यांत ही अट २५० वर येते, तर नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १०० वर. महाराष्ट्रातले आकांक्षित जिल्हे नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. तुमची वस्ती ४८० ची असेल आणि शेजारी ५०० मीटरच्या आत दुसरी छोटी वस्ती असेल, तर दोन्हींची लोकसंख्या एकत्र धरता येते का ते योजनेच्या जिल्हा कार्यालयात विचारा. वस्ती-समूहाचा हा नियम माहीत नसल्यामुळे पात्र वस्त्या मागे राहतात. या योजनेत केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के असतो. भूसंपादनाला मात्र योजनेतून पैसे मिळत नाहीत, त्यामुळे जागेची संमती आधीच लेखी घ्या.

राज्याची मुख्यमंत्री ग्राम सडक योजना २०१५ पासून आहे. केंद्राच्या योजनेत न बसलेले रस्ते तिथे जातात.

जिल्ह्याच्या स्वतःच्या पैशाचं मुख्य दार म्हणजे जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. कार्यालयात ३०५४ आणि ५०५४ हे आकडे सतत ऐकू येतील. ३०५४ हे रस्ते-पुलांचं महसुली लेखाशीर्ष, देखभाल-दुरुस्ती त्यात येते. ५०५४ भांडवली, नवीन बांधणी आणि मोठ्या सुधारणांचं. ग्रामविकास विभागाचं २५१५ हे लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांचं. तुमचं काम कोणत्या आकड्याखाली बसतं ते प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहा.

जिल्हा परिषदेत आणखी एक शब्द कानावर येईल: दायित्व. मागच्या वर्षी सुरू झालेल्या कामांची देणी आधी बाजूला काढतात आणि उरलेल्या रकमेच्या दीडपट नवीन कामं धरतात. जिल्ह्याला मिळालेला मोठा आकडा वर्तमानपत्रात वाचून गावात आश्वासन देऊ नका. आधी विचारा, दायित्व वजा जाता शिल्लक किती?

वस्ती कोणाची आहे यावरूनही दारं उघडतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांचा विकास, आदिवासी भागात ठक्कर बाप्पा योजना, विमुक्त-भटक्यांसाठी तांडा-वस्ती सुधार, डोंगरी तालुक्यांना डोंगरी विकास कार्यक्रम. यातून वस्तीअंतर्गत काँक्रीट रस्ते आणि गटारं चांगली होतात, लांबचे जोडरस्ते नाही.

ग्रामपंचायतीकडे आलेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेले. बाकी ४० टक्क्यांतून रस्त्याची किरकोळ कामं होतात. त्यातून मोरी साफ करणं, साईडपट्टी भरणं घ्या आणि ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी नोंदवा. आराखड्यात नसलेलं काम करता येत नाही. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, रोजगार हमीच्या पैशाला इतर निधीची जोड देणारी. अर्ज करण्यापूर्वी तिचा चालू शासन निर्णय पंचायत समितीच्या रोहयो कक्षात पाहून घ्या.

आठवी पायरी: कागद

ग्रामसभेचा आणि पंचायत समितीचा ठराव. रस्त्याचा क्रमांक आणि साखळी, म्हणजे किमी ०/०० ते २/५०० अशी नेमकी लांबी. मोजणीचा गोषवारा, चौथ्या पायरीतलं एक पान, फोटो, नकाशा. जागा उपलब्ध असल्याचा दाखला. हे काम दुसऱ्या कोणत्याही योजनेत मंजूर नाही, असा दाखला. काम दुसरी यंत्रणा करणार असेल तर जिल्हा परिषदेचं ना-हरकत. मग शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश.

वाटेत वनजमीन असेल तर घाबरून प्रस्ताव सोडून देऊ नका. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार रस्त्यासह तेरा प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते. हा प्रस्ताव उपवनसंरक्षकांकडे जातो. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटातल्या छोट्या जोडरस्त्यांना ही तरतूद नेमकी उपयोगी पडते. रस्त्याची रुंदी आणि लांबी गुणून क्षेत्र आधीच काढून ठेवा, म्हणजे हेक्टरची मर्यादा ओलांडतो की नाही ते कळेल.

वेळापत्रक सांभाळा. पावसाळ्यात पाण्याच्या नोंदी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून ग्रामपंचायत आराखड्याची चर्चा, नोव्हेंबरपासून सुगीची मोजणी. जिल्ह्याची वार्षिक योजना हिवाळ्यात आकार घेते, त्यामुळे क्रम लावलेली यादी डिसेंबरच्या आत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात पोचलेली असावी. मार्चमध्ये धावपळ करून दिलेला प्रस्ताव बहुधा पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जातो.

नववी पायरी: काम सुरू झाल्यावर

अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. खडीचे थर किती जाडीचे, मोऱ्या किती आणि कोणत्या साखळीवर, हे गावातल्या दोन-तीन माणसांना समजावून द्या. प्रधानमंत्री योजनेच्या रस्त्यांवर माहितीचा फलक लागतो आणि तपासणी तीन पातळ्यांवर होते: कार्यालयाची, राज्याच्या गुणवत्ता निरीक्षकांची आणि केंद्राच्या निरीक्षकांची. निरीक्षक येण्याची तारीख कळली तर सरपंचांनी मोऱ्यांची यादी हातात घेऊन हजर राहावं. तक्रारीसाठी मेरी सडक अ‍ॅप आहे, फोटोसह तक्रार करता येते.

रस्ता पूर्ण झाल्यावर या योजनेत पुढची पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते, आणि त्याचे पैसे करारात धरलेले असतात. खड्डा पडला तर दुसऱ्या निधीतून दुरुस्ती मागू नका, आधी करार बघा. काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्व, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्याची ठेकेदाराची जबाबदारी, संपण्याची तारीख तुमच्या तालुक्याच्या तक्त्यात दोन नवीन रकाने करून लिहा. दरवर्षी पावसाळा संपल्यावर त्या रस्त्याला पुन्हा १ ते ५ गुण द्या, आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी त्याची संपूर्ण पाहणी करून ठेकेदाराला द्यायच्या दुरुस्त्यांचं पत्र कार्यकारी अभियंत्यांकडे द्या. त्यानंतर तो रस्ता जिल्हा परिषदेच्या दुरुस्ती यादीत येतो. त्याच्या पहिल्या वर्षाच्या गटार-मोरी सफाईची तरतूद त्याच डिसेंबरच्या यादीत धरा.